पेनरोजचं काम चाकणला गेलं

मी मूळची आकुर्डीची, म्हणजे आता सगळं पुणंच झालंय, पण आमच्या लहानपणी पुण्याला जायचं म्हणजे ठेवणीतले कपडे काढून जायचं. वडील चिंचवडच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते, शांत माणूस, आणि युनियनचा त्यांना फार तिटकारा. युनियनवाले म्हणजे गेटवर पान खाऊन उभे राहणारे दादा लोक, असं म्हणायचे, आपण त्यांच्या जवळून जायचं नाही. हे आधी सांगते, कारण पुढं मी त्यातच पडले, आणि वडिलांना शेवटपर्यंत ते कळलं नाही. फोनवर विचारायचे, कंपनीत काय काम असतं गं, मी म्हणायचे वाइंडिंग असतं. ते काही खोटं नव्हतं.

वाइंडिंग म्हणजे काय सांगू तुम्हाला, मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, ती वळायची आणि लोखंडाच्या खाचांत बसवायची. मशीन वळून देतं, पण बसवायची हातानं, तारेवरचं वार्निश खरवडता कामा नये, खरवडलं की मोटार जळली. औंधच्या मुलींच्या आयटीआयमध्ये मी ते शिकले, भोसरीला एका शेडमध्ये काम केलं, मग लग्न झालं. आमचे हे इलेक्ट्रिकल इंजिनीअर. त्यांना न्यूझीलंडचं वेड लागलं, पॉइंट्सवर व्हिसा मिळून आलो आम्ही ऑकलंडला, ईशा तेव्हा बोबडं बोलत होती. आणि आल्यावर ह्यांना नोकरी मिळेना. जिथं जातील तिथं विचारायचे, इथला अनुभव आहे का. आता आलेल्या माणसाला इथला अनुभव कुठून असणार. ते पेट्रोल पंपावर उभे राहिले आणि मी पेनरोजला एका फॅक्टरीत लागले, गोठ्यात यंत्रानं दूध काढतात ना, त्या पंपांच्या मोटारी बनवायची ती. मला कामावर घेणाऱ्या बाईनं पहिल्यांदा सांगितलं डेअरीसाठी लागतात मोटारी, तर मी म्हणलं कोपऱ्यावरच्या दुकानात मोटार कशाला लागते. इथं दुकानाला डेअरी म्हणतात, मी तेवढंच शिकले होते.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक टोंगाची बाई होती, तिनं मला इथलं काम शिकवलं. तिचं नाव मेले. म्हणजे त्यांच्यातली मेरी. पहिल्या दिवशी हात पुढं करून म्हणाली, आय अ‍ॅम मेले, आणि मला कसंतरीच झालं, सकाळी सकाळी असं कोण बोलतं. पुढं ओळख वाढल्यावर मी तिला त्याचा अर्थ सांगितला तर इतकी हसली, इतकी हसली, की सुपरवायझर बघायला आला काय झालं म्हणून. मग सगळ्या खात्यात तिनंच सांगत फिरावं, शैलाच्या देशात मी मेलेली आहे. आडवी बाई, आवाज मोठा, चर्चमध्ये गाणारी. पावसात बसस्टॉपवर मी दिसले की गाडी थांबवायची, बस म्हणायची. ईशाला ताप आला तर मला घरी पाठवून माझ्या वाटणीच्या मोटारी ही भरणार. पुढं ह्यांना नोकरी लागली, चांगली लागली, आणि हे म्हणले, आता सोड की ते तारेचं काम, बोटं बघ तुझी. मी सोडलं नाही. का ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. घरी मी एकटी असायचे आणि तिथं मेले होती, असं धरा.

युनियनमध्ये मेलेनंच ओढलं. ती आमच्या खात्याची डेलिगेट होती, म्हणजे कामगारांच्या वतीनं बोलणारी. म्हणाली, तुझं इंग्लिश लिहायला बरं आहे, माझ्याबरोबर उभी राहा. आणि मग डॉरथी आली. डॉरथी म्हणजे युनियनची ऑफिसातली बाई, म्हातारी, उंच, केस बारीक कापलेले, पायात बारा महिने जँडल्स, आपल्या स्लिपरा. ती अमेरिकेची. तिकडच्या सरकारनं लढाई काढली तिला विरोध म्हणून तरुणपणी नवऱ्याबरोबर इकडं निघून आलेली, नवरा पुढं वारला. ओटाहुहुला युनियनचा एक हॉल होता, तिथं शनिवारी ती आम्हाला शिकवायची. शिकवायची म्हणजे गोष्टीच सांगायची. तिची आजी अमेरिकेत कापडगिरणीत होती. तिथं म्हणे मालक मुद्दाम वेगवेगळ्या देशांच्या बाया शेजारी शेजारी बसवायचे, एकीचं बोलणं दुसरीला कळू नये म्हणून. तरी त्यांनी संप केला. सभेत एक वाक्य बोललं की ते प्रत्येक भाषेत फिरून यायचं, म्हणून सभा कधी संपायचीच नाही, पोरं तिथंच मांडीवर झोपायची. आम्ही ऐकायचो, टोंगाच्या, सामोआच्या, एक फिलिपिन्सची, माओरी दोघी, आणि मी. एकदा तिनं एक मेचं सांगितलं. आमच्याकडं एक मे म्हणजे झेंडावंदन आणि शाळेचा निकाल, आणि कामगार दिन असं कॅलेंडरवर छापलेलं असायचं, पण ते कशावरनं आलं हे कुणी सांगितलं नव्हतं. डॉरथी म्हणाली, अमेरिकेत आठ तासांचा दिवस मागितला म्हणून माणसं फाशी दिली. आणि आता तुमच्या गावाला सुट्टी असते, आणि जिथं ती मेली तिथं मात्र नसते. मी घरी आले, ह्यांना सांगितलं, हे म्हणले, अगं ते सगळं जुनं झालं. मला ते जुनं वाटेना. मी काम करता करता त्या बायांचा विचार करायचे.

कंपनी आधी एका घराण्याची होती, ख्रिसमसला हॅम, म्हणजे डुकराचं मांस, वाटायचे, मी माझा वाटा मेलेला द्यायचे. ती त्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीला विकली. वर्षभर काही झालं नाही. मग एक दिवस सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं, पडद्यावर नकाशा लावला, आणि नवीन मॅनेजर म्हणाला की वाइंडिंग आणि जोडणी इथून हलवतोय, भारतात नवीन कारखाना आहे, अमुक ठिकाणी. त्यानं नाव असं काही घेतलं की मला आधी कळलंच नाही, मग पडद्यावर वाचलं. चाकण. त्या अख्ख्या खोलीत चाकण मला एकटीला माहीत होतं. वडिलांबरोबर तिथं कांदे आणायला जायचो आम्ही, पोत्यानं. आणि सगळ्या बाया वळून माझ्याकडं बघायला लागल्या. रागानं नाही हो, तशा नव्हत्या त्या, पण बघायला लागल्या. मी खाली बघितलं. मेलेनं टेबलाखालनं माझा हात धरला.

इथला कायदा असा की संप कधीही करता येत नाही, कराराची बोलणी चालू असतील तेव्हाच. आमचा करार नेमका संपला होता. डॉरथी म्हणाली, एवढीच फट आहे, यातनं घुसायचं असेल तर आता. हॉलमध्ये सभा झाली, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला, काम इथं राहिलं पाहिजे, निदान अर्धं तरी राहिलं पाहिजे, तोपर्यंत तिकडनं शिकायला येणाऱ्या कुणाला शिकवायचं नाही आणि मशीन हलू द्यायचं नाही. आम्ही बाहेर बसलो. गेटसमोर तंबू ठोकला, पिंपात लाकडं पेटवली, येणारे जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, तेवढ्यानं बरं वाटायचं. टोंगाच्या बायांनी चर्चची गाणी म्हणायची, काय आवाज लागायचे त्यांचे. मला म्हणल्या तू म्हण काहीतरी, मला काय येतंय, मी भोंडल्याचं गाणं म्हणलं, तर त्यांनी उठून फेरच धरला माझ्याभोवती, ओल्या डांबरावर. ते दिवस चांगले होते म्हणलं तर चालेल का मला माहीत नाही. पण होते.

मग पुण्याहून माणसं आली, शिकायला. चौघं. मोटेलवर उतरवलेले, रोज व्हॅननं आत न्यायचे आणि आणायचे, आत सुपरवायझर जमेल तेवढं दाखवायचा. व्हॅन आमच्या जवळून हळू जायची, आणि मला काचेतनं त्यांचे चेहरे दिसायचे, आपलेच चेहरे हो, कानटोप्या घातलेले. डॉरथी म्हणाली, शैला, त्यांच्याशी तुझ्याशिवाय कुणी बोलू शकत नाही. मी मोटेलवर फोन केला, जेवायला या म्हणलं. त्यातले तिघं आलेच नाहीत, घाबरले असतील. एक आले. दत्ता भालेकर. तळवड्याचे, माझ्या माहेरापासनं सायकलच्या अंतरावरचे, वयानंही माझ्याच बरोबरीचे. मी भाकरी केली होती, मटकीची उसळ. खूप दिवसांनी भाकरी बघितल्यासारखे जेवत होते. ईशा येऊन त्यांच्याकडं बघून हाय म्हणून गेली, तर त्यांनी हात जोडले तिला.

मी म्हणलं, भालेकरदादा, तुम्ही काय शिकायला आलाय तुम्हाला माहीत आहे ना. ते म्हणले, माहीत आहे ताई, येताना तुमचा बोर्ड वाचतो रोज. मग हातातला तुकडा ताटात ठेवला आणि म्हणले, मला संप सांगू नका. मी पर्मनंट होतो आधी, मशीन शॉपला होतो, युनियन काढायला गेलो आम्ही, नोंदणीला अर्ज टाकला त्याच आठवड्यात सगळ्यांना गेटबंद. अख्खा पावसाळा मंडपात बसून काढला आम्ही. कोर्टात अजून तारखाच चालल्यात. आता ठेकेदाराकडं आहे. मी असा होतो हे त्याला माहीत नाही, कळलं तर घरी बसवेल. आमच्या ह्यांनी डाव घेऊन उसळ वाढली त्यांना, हे काही बोलणारे नव्हेत, पण म्हणले, भालेकर, तुम्ही आपलं काम करून जा, पोरंबाळं आहेत. आणि मीही तेच म्हणलं. खरंच म्हणलं. मी म्हणलं, दादा, मी बोलावलं ते तुम्हाला अडवायला बोलावलं होतं, पण आता नाही अडवत, तुम्ही जा आत. ते बरं म्हणले. ताक मागितलं. निघताना दारात बूट घालता घालता म्हणले, त्या बाया तिथं दिवसभर बसतात का हो, थंडी फार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन आली. आमच्यापाशी हळू झाली, नेहमीसारखी. आणि दार सरकलं. भालेकर खाली उतरले, हातात डब्याची पिशवी. मला वाटलं कालच्या जेवणाचं काहीतरी सांगायला उतरले असतील. ते माझ्याजवळ आले, म्हणले, ताई, ह्या सगळ्यांना सांगा, मी आत जाणार नाही. एवढंच सांगा. जास्तीचं काही नको. मी म्हणलं, दादा, काल आपलं काय ठरलं. ते म्हणले, तुमचं ठरलं होतं. मग मी इंग्लिशमध्ये सांगितलं, आणि मेलेनं टोंगाच्या भाषेत सांगितलं, मागनं कुणी सामोआच्या भाषेत सांगितलं, ते असं फिरत गेलं, आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मेले उठली. आपली घडीची खुर्ची तिनं त्यांना दिली, आपलं ब्लँकेट त्यांच्या गुडघ्यांवर टाकलं आणि स्वतः उभी राहिली. डॉरथी चेहरा फिरवून पिंपातली लाकडं नीट करत बसली. ते तिघं व्हॅनमध्येच होते, समोर बघत होते. व्हॅन आत गेली.

कंपनीचा माणूस आला. मला म्हणाला, याला सांग, हा उद्या परवा घरी जाणार. मी सांगायला तोंड उघडलं तर भालेकर म्हणले, कळलं ताई मला, तेवढं इंग्लिश येतं. संध्याकाळपर्यंत बसले ते तिथं. बायांनी सूप दिलं, त्यांना आवडलं नाही पण संपवलं. त्याच आठवड्यात त्यांना विमानात बसवलं. आम्ही दोघं विमानतळावर गेलो होतो, मी लाडू दिले बांधून. मी पाया पडायला लागले तर त्यांनी मागं सरून नको म्हणलं.

मला वाटलं आता काहीतरी होईल. डॉरथीच्या गोष्टींत व्हायचं. एवढं मोठं कुणी काही केलं की पुढं काहीतरी व्हायचं. इथं काही झालं नाही. पेपरात आलं नाही. कंपनीनं इंजिनीअर लावून मशीनचे व्हिडिओ काढले, पण हाताची सवय व्हिडिओत येत नाही, तार कुठं सैल सोडायची ते बोटांना कळतं. मग त्यांनी सांगून पाठवलं, जे परत येऊन शिकवतील त्यांना जाताना जास्तीचे पैसे मिळतील. आम्ही हसलो त्याच्यावर. आणि एका सकाळी गाड्या आत जायला लागल्या, आधी दोन, मग एक, आणि त्यामागच्या गाडीत मेले होती.

तिनं गाडी थांबवली माझ्यापाशी. काच खाली केली. तिचा नवरा मटणाच्या कारखान्यात, तिथला सीझन बंद झालेला, ओटाहुहुला घर घेतलेलं, बँक दारात. हे मला सगळं माहीत होतं, तिनं सांगायची गरज नव्हती आणि तिनं सांगितलंही नाही. ती म्हणाली, शैला, मला शिव्या दे. मी तिच्या गाडीच्या दारावर हात ठेवला. ती म्हणाली, दे गं. मी म्हणलं, मेले, जा, उशीर होईल तुला. मग ती म्हणाली, तो माझ्या खुर्चीत बसला होता. आणि काच वर केली. ती त्या तिघांना शिकवत होती आत, जीव लावून शिकवलं म्हणतात, तिला वाईट शिकवता येतच नव्हतं कुठलंही काम.

तिच्या मागनं सगळ्या गेल्या. पुन्हा हॉलमध्ये सभा झाली, परत जायचं का म्हणून हात वर करायला सांगितले, आणि सगळ्यांनी केले. मी करायचा नाही असं ठरवून गेले होते. डॉरथी माझ्याकडं बघून म्हणाली, एकटीनं खाली ठेवून काय होणार आहे, त्यांच्याबरोबर राहा. मी वर केला. मशीन लाकडी खोक्यांत भरली, आम्हीच भरली, खिळे मारायला तेवढे दुसरे लोक होते. माझ्या टेबलाखालची जमीन तेवढी वेगळ्या रंगाची निघाली. आता तिथं कुरियरचा डेपो आहे. मेले नवऱ्यापोरांना घेऊन ब्रिस्बेनला बहिणीकडं गेली. ख्रिसमसला फोन यायचा तिचा, आम्ही पोरांचं बोलायचो, हवेचं बोलायचो. मग यायचा बंद झाला. मीही केला नाही.

पुढं वडील गेले, मी वर्षश्राद्धाला आकुर्डीला गेले तेव्हा भालेकरांकडं गेले, विचारत विचारत. ठेकेदारानं त्यांना काढलं ते काढलंच, बाकीच्या ठेकेदारांनाही सांगून ठेवलं, त्या पट्ट्यात त्यांना कुणी उभं करेना. निगडीला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होते, त्या खाकी शर्टात. मला बघून खुर्ची शोधायला लागले. ड्यूटी सुटल्यावर घरी घेऊन गेले. त्यांची बायको पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली ती बाहेर आली नाही. तिचं बरोबरच आहे. मी पाणी प्यायले. मग तेच म्हणले, चला, तुम्हाला दाखवतो, आणि स्कूटरवर बसवून चाकणला नेलं. कंपनीचं गेट लांबनं बघितलं आम्ही. शिफ्ट सुटली आणि मुली बाहेर आल्या, घोळक्यानं, लातूर, बीडकडच्या, बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या. तारेनं कापतं तिथंच लावलेल्या. एक मला म्हणाली, काकू, भरतीला आलाय का, आज बंद आहे. भालेकर म्हणले, यांना सहा-सात महिने ठेवतात, मग नवीन आणतात. आणि ते तीन जे माझ्याबरोबर आले होते ना, त्यातल्या दोघांना मुली शिकल्यावर काढलं.

मी विचारलं, दादा, पश्चात्ताप होतो का. ते म्हणले, रोज. मी थांबले, मला वाटलं पुढं, रोज होतो, पण, असं काहीतरी म्हणतील. त्यांनी स्कूटरला किक मारली.

आता मी म्हाताऱ्यांच्या रेस्ट होममध्ये आहे, अंघोळी घालायच्या, भरवायचं, कूस बदलून द्यायची. काम वाईट नाही. फिलिपिन्सच्या, पंजाबच्या, आता आपल्याही नवीन मुली येतात, सगळ्या व्हिसावर. सुरुवातीला मी त्यांना युनियनचं विचारायचे. आंटी, व्हिसा, एवढंच म्हणायच्या. मग मी चहा ओतायचे. डॉरथी लोअर हट नावाच्या शहरात लेकीकडं गेली राहायला, हॉल विकला, तिथं गालिच्यांचं दुकान झालंय. फोन करते अधूनमधून, विचारते, तिकडं काही हालचाल. मी म्हणते, नाही गं. ती म्हणते, होईल. पूर्वी हे ती ठासून म्हणायची, आता विचारल्यासारखं म्हणते.

ईशा मोठी झाली. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिशमधनं. शनिवार-रविवार सुपरमार्केटला काम करते. परवा मी पोळ्या करत होते तर आली, म्हणाली, मम, तिथं एक बाई विचारत होती युनियनमध्ये येतेस का, काय करू. आणि उभी राहिली माझ्याकडं बघत. गेटवर मी बसायचे तेव्हा शाळेतनं ती तिथंच यायची, मेलेच्या मांडीवर बसून होमवर्क केलेलं पोर आहे ते. तिला वाटलं असणार आई आता काहीतरी सांगेल. माझ्या डोळ्यापुढं ती भालेकरांच्या घरची माउली आली, तांब्या ठेवून आत गेलेली. मी म्हणलं, तुझं तू बघ, मला नको विचारू. ती म्हणाली, स्वीट अ‍ॅज, म्हणजे बरं बरं, आणि गेली खोलीत. झाली की नाही सभासद ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

एवढंच आहे. तुम्ही लिहिताय तर लिहा, त्यातनं कुणाला काही मिळालं तर मिळू दे. भालेकरांच्या पोरांचं चांगलं होऊ दे, मेलेची पोरं सुखात असू देत, त्या चाकणच्या मुलींची बोटं नीट राहू देत. दुसरं काही मागायचं मला सुचत नाही आता.